चार मिनिटं तेरा सेकंद: मायलन हायस्कूल, १९५४

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये इअरफोन घरी विसरल्याचं लक्षात आलंय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मसुदा. बोलताना झालेले "म्हणजे", "तर", "बरं का" थोडे कापलेत, थोडे मुद्दाम ठेवलेत.

सुरुवातीला एक प्रयोग करू. फोनवर टायमर लावा, चार मिनिटं तेरा सेकंदांचा. हातात चेंडू घ्या, चेंडू नसेल तर उशी चालेल. आणि उभे राहा. पळायचं नाही, फेकायचं नाही, बोलायचं नाही. मी करून बघितलंय. पहिल्या मिनिटाला हसू येतं, दुसऱ्या मिनिटाला नाक खाजायला लागतं आणि तिसऱ्या मिनिटाला वाटतं की टायमर बंद पडलाय बहुतेक.

२० मार्च १९५४ च्या रात्री अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात सतरा वर्षांच्या एका मुलाने हेच केलं. फरक एवढाच की त्याच्यासमोर सुमारे पंधरा हजार माणसं बसली होती, राज्याच्या शालेय बास्केटबॉल स्पर्धेची फायनल चालू होती आणि त्याची टीम दोन गुणांनी मागे होती. मागे असलेली टीम घाई करते ना? हा मुलगा चेंडू धरून उभा राहिला. चार मिनिटं तेरा सेकंद.

मुलाचं नाव बॉबी प्लम्प. शाळेचं नाव मायलन हायस्कूल. स्पेलिंग इटलीतल्या मिलान शहराचंच, पण तिथे जाऊन "मिलान" म्हणालात तर लोक लगेच ओळखतात की पाहुणे बाहेरचे आहेत. गावाचा उच्चार मायलन.

मला हे कसं कळलं ते सांगतो. मागच्या वर्षी कंपनीने काही महिन्यांसाठी इंडियानापोलिसला पाठवलं होतं. पहिल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने विचारलं, वीकेंडला काय बघणार? मी म्हटलं, कार रेसिंगचा ट्रॅक. तो म्हणाला, तो तर बघच, पण आधी हिंकल फील्डहाउस बघ. गेलो. बटलर विद्यापीठाचं १९२८ सालचं इनडोअर स्टेडियम. लोखंडी कमानी, उंचावर खिडक्या, दुपारचं ऊन तिरकं होऊन थेट लाकडी कोर्टावर पडलेलं. तेव्हा त्याचं नाव बटलर फील्डहाउस होतं. ती चार मिनिटं तेरा सेकंद इथेच घडली. मी अर्धा तास नुसता बसून राहिलो आणि मग घरी येऊन वाचायला लागलो. त्यातून हा भाग झाला.

हिवाळा, कोठार आणि पाच पोरं

आधी प्रश्न असा की इंडियानातच हे वेड का? बास्केटबॉलचा शोध तर १८९१ मध्ये मॅसेच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी लावला.

उत्तर भूगोलात आहे. इंडियाना म्हणजे मका, सोयाबीन आणि लांबच लांब सपाट जमीन. पीक निघालं की पुढच्या पेरणीपर्यंत थंडी, बर्फ आणि बऱ्यापैकी रिकामा वेळ. गावं छोटी, आणि प्रत्येक छोट्या गावाची स्वतःची शाळा. अमेरिकन फुटबॉल खेळायचं तर एका बाजूला अकरा दणकट पोरं लागतात, शिवाय बदली खेळाडू, हेल्मेटं, पॅड. बास्केटबॉलला पाच जण पुरतात. धान्याच्या कोठाराच्या भिंतीला एक रिंग ठोकली की झालं मैदान. ज्या शाळेत जेमतेम चाळीस-पन्नास मुलगे आहेत, तिथेसुद्धा पाच धड खेळाडू निघतातच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण पुढची सगळी कथा हिच्यावर उभी आहे. १९११ पासून इंडियानात शालेय मुलांची राज्यस्पर्धा व्हायची आणि त्यात एकच गट असायचा. शाळेत दीड हजार विद्यार्थी असोत की दीडशे, सगळ्यांची नावं एकाच ड्रॉमध्ये. आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असे टप्पे असतात, तसे तिथे सेक्शनल, रीजनल, सेमीस्टेट आणि स्टेट. एकदा हरलात की घरी. १९५४ मध्ये या स्पर्धेत ७५१ शाळा उतरल्या होत्या. ७५१ टीम आणि ट्रॉफी एक.

त्यामुळे गावागावात शाळेची टीम म्हणजे गावाची अब्रू. मॅचच्या संध्याकाळी दुकानांना कुलपं. काही गावांनी तर लोकसंख्येच्या मानाने अवाढव्य जिम बांधली. न्यू कॅसल नावाच्या गावात १९५९ मध्ये उघडलेलं शाळेचं जिम आजही जगातल्या सगळ्यात मोठ्या शालेय जिममध्ये गणलं जातं. गाव जेमतेम वीस हजारांच्या आतबाहेरचं आणि जिममध्ये आठ-नऊ हजारांची बसायची सोय. म्हणजे निम्म्या गावाला एकाच छपराखाली बसवता येईल.

१६१ विद्यार्थी

मायलन हे इंडियानापोलिसच्या आग्नेयेला साधारण सव्वाशे किलोमीटरवरचं गाव. लोकसंख्या तेव्हा सुमारे अकराशे पन्नास. हायस्कूलमधले विद्यार्थी १६१, मुलं-मुली मिळून. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्या एकत्र केल्या तर यापेक्षा जास्त डोकी भरतील.

बॉबी प्लम्प तर मायलनचाही नव्हता. शेजारच्या पीअर्सव्हिल वस्तीचा. वस्ती म्हणजे काही घरं आणि एक दुकान. बॉबी पाच वर्षांचा असताना त्याची आई गेली. या इवल्याशा वस्तीतून मायलनच्या दहाजणांच्या टीममध्ये चौघे आले होते: प्लम्प, जीन व्हाइट, रॉजर श्रोडर आणि ग्लेन बट. लहानपणापासून एकाच अंगणातल्या रिंगवर खेळलेले. कोण कुठे वळणार आणि चेंडू कुठे मागणार, हे त्यांना बोलावं लागत नसे.

१९५२ मध्ये या शाळेला नवा कोच मिळाला, मार्व्हिन वूड. फायनलच्या वेळी तो होता फक्त २६ वर्षांचा! हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून जरा गच्चीत फिरून आलो. माझ्या वयात या माणसाने राज्य जिंकलं होतं आणि मी पुल रिक्वेस्टवरच्या कॉमेंटला उत्तर काय द्यायचं याचा विचार करत होतो.

वूड स्वतः बटलर विद्यापीठात टोनी हिंकल या नामवंत प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळला होता. म्हणजे फायनल जिथे व्हायची ते कोर्ट त्याच्या ओळखीचं होतं. त्याने मुलांना दोन गोष्टी शिकवल्या. एक, शिस्तीत पास करत राहा, वाटेल तिथून फेकू नका. दोन, गरज पडली तर चेंडू आपल्याकडेच ठेवा आणि वेळ खा. तेव्हा शालेय बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक नव्हतं. आज एनबीएमध्ये चोवीस सेकंदांत चेंडू रिंगकडे फेकावाच लागतो. तो नियम आला १९५४ च्याच हिवाळी मोसमापासून, कारण वेळ खाण्याने प्रेक्षक वैतागले होते. मायलनच्या मुलांनी मात्र त्याच युक्तीवर इतिहास घडवला.

आणि एक गैरसमज आत्ताच दूर करू. मायलन कुठूनतरी अचानक उगवलेली टीम नव्हती. आदल्याच वर्षी, १९५३ मध्ये, ती राज्याच्या शेवटच्या चारांत पोचली होती आणि साउथ बेंड सेंट्रलकडून ५६-३७ अशी सडकून हरली होती. म्हणजे १९५४ साली ही पोरं मोठ्या कोर्टावर एकदा रडून आलेली होती. ते फार उपयोगी पडतं.

फायनलची रात्र

सेमीस्टेटमध्ये मायलनने इंडियानापोलिसच्या क्रिस्पस अटक्स हायस्कूलला ६५-५२ असं हरवलं. हे नाव लक्षात ठेवा, आपण परत तिथे येणार आहोत. आठवड्याभराने राज्याची फेरी. त्या काळी सेमीफायनल आणि फायनल एकाच दिवशी. दुपारी मायलनने टेर होटच्या गर्स्टमायर शाळेला ६०-४८ ने काढलं आणि रात्री समोर उभी राहिली मन्सी सेंट्रल.

मन्सी सेंट्रल म्हणजे सोळाशेहून जास्त विद्यार्थ्यांची शाळा. मायलनच्या दहापट. आधीच चार वेळा राज्यविजेती, त्यातली दोन विजेतेपदं १९५१ आणि १९५२ ची, म्हणजे ताजी. खेळाडू उंच आणि धिप्पाड.

मध्यंतराला मायलन २३-१७ ने पुढे. तिसऱ्या सत्रात मन्सीने गाठलं, २६-२६. चौथ्या सत्राच्या सुरुवातीला मन्सी २८-२६. आणि इथे वूडने इशारा केला: थांबा.

प्लम्प चेंडू घेऊन उभा राहिला. मन्सीची टीम पुढे होती, त्यामुळे ती अंगावर येऊन चेंडू हिसकायला उत्सुक नव्हती. उगाच जागा सोडली तर समोरचा आत घुसणार. मायलनला तरी घाई कशाला? मुलं थकली होती, चेंडू रिंगमध्ये जात नव्हता, पण फरक फक्त एका बास्केटचा होता. फरक एवढाच ठेवायचा आणि मॅच शेवटच्या तीन मिनिटांची करून टाकायची, हा हिशोब. सोळाशे विरुद्ध १६१ अशी बत्तीस मिनिटांची लढाई हरण्याची शक्यता जास्त, तीन मिनिटांची लढाई कोणीही जिंकू शकतो.

चार मिनिटं तेरा सेकंदांनी प्लम्प हलला. फेकला. चुकला! विचार करा, काय वाटलं असेल. पण मन्सीच्या हातून चेंडू सुटला, रे क्राफ्टने बास्केट करून २८-२८ केलं. प्लम्पने दोन फ्री थ्रो टाकले, ३०-२८. मन्सीच्या जीन फ्लॉवर्सने पुन्हा बरोबरी केली, ३०-३०. अठरा सेकंद उरले असताना टाइमआउट.

ठरलं असं की चौघांनी कोर्टाच्या एका बाजूला सरकायचं आणि उरलेली बाजू प्लम्पला मोकळी द्यायची. तो आणि त्याच्यासमोर मन्सीचा जिमी बार्न्स. प्लम्पने घड्याळाकडे बघत वेळ काढला, उजवीकडे झेप घेतल्यासारखं केलं, जागच्या जागी थांबला आणि उडी मारून साधारण पंधरा फुटांवरून चेंडू सोडला. तीन सेकंद उरले होते.

३२-३०.

दुसऱ्या दिवशी टीम गाड्यांच्या ताफ्यातून गावी निघाली. वाटेतल्या प्रत्येक गावातून लोक ताफ्यामागे गाड्या घालत गेले. अकराशे पन्नास वस्तीच्या मायलनमध्ये त्या दिवशी तीस ते चाळीस हजार माणसं जमल्याचा अंदाज आहे. पुढे या दहा मुलांपैकी नऊ जण कॉलेजला गेले. शेतकरी-कामगारांच्या त्या गावात ही गोष्ट ट्रॉफीइतकीच मोठी होती. गावातल्या जुन्या पाण्याच्या टाकीवर १९५४ च्या राज्यविजेतेपदाची अक्षरं रंगवलेली आहेत, आणि गावात या टीमचं छोटं संग्रहालयही आहे.

ताईचा प्रश्न

खरं सांगतो, पहिल्या मसुद्यात हा भाग इथेच संपत होता. "स्वप्नं बघा मित्रांनो" असं काहीतरी शेवटचं वाक्यही लिहून ठेवलं होतं. रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री ताईला फोनवर ही गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि त्या १६१ मधल्या मुली काय करत होत्या रे?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी परत वाचायला बसलो.

मुली प्रेक्षकांत होत्या. किंवा कोर्टाच्या कडेला, चीअरलीडर म्हणून. इंडियानात मुलींची अधिकृत राज्यस्पर्धा सुरू झाली १९७६ मध्ये. मुलांची १९११, मुलींची १९७६. मधली पासष्ट वर्षं मोजा. आणि १९७६ सुद्धा आपोआप उजाडलं नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत टायटल नाइन हा कायदा झाला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करता येणार नाही असं सांगणारा, आणि त्यानंतर शाळांना हालचाल करावी लागली. पहिल्या वर्षी वॉर्सा हायस्कूलच्या मुली जिंकल्या. त्यांची जूडी वॉरन नावाची खेळाडू घराघरात पोचली. म्हणजे लोकांना मुलींचा खेळ बघायचा नव्हता असं काही नव्हतं. त्यांना दाखवलाच गेला नव्हता.

मुलींचं वाचताना आणखी एक दार बंद दिसलं. आता क्रिस्पस अटक्सकडे वळू.

इंडियानापोलिसमध्ये ही शाळा १९२७ मध्ये उघडली, फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी. ती काही प्रेमाने बांधलेली नव्हती. विसाच्या दशकात इंडियानात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा जोर प्रचंड होता आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शहरातल्या इतर हायस्कूलमधून वेगळं काढण्यासाठी ही शाळा उभी केली गेली. पण तिथे शिकवायला उत्तम शिक्षक आले, आणि शाळा नावारूपाला आली.

ही शाळा त्या "सगळ्यांसाठी खुल्या" राज्यस्पर्धेत खेळू शकत होती का? नाही. शालेय खेळांच्या राज्य संघटनेने १९४२ पर्यंत कृष्णवर्णीयांच्या शाळांना सदस्यत्वच दिलं नाही. कॅथलिक शाळांनाही नाही. अटक्सच्या मुलांना सामने खेळायला दुसऱ्या राज्यांत जावं लागायचं. ज्या ड्रॉचं कौतुक मी वर दोन परिच्छेद केलं, त्या ड्रॉमध्ये तीसेक वर्षं यांची चिठ्ठीच नव्हती.

१९५४ मध्ये मायलनकडून हरलेल्या अटक्स टीममध्ये दहावीतला एक मुलगा होता, ऑस्कर रॉबर्टसन. लहानपणी घरामागे टेनिस बॉल आणि रबर बँडने बांधलेल्या चिंध्यांचा गोळा टोपलीत फेकून शिकलेला. पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, कोच रे क्रो यांच्या याच अटक्सने मन्सी सेंट्रलला ७१-७० असं एका गुणाने हरवलं आणि फायनलमध्ये गॅरी रूझवेल्ट या दुसऱ्या कृष्णवर्णीय शाळेला ९७-७४ ने. फक्त कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शाळेने सर्वांसाठी असलेली राज्यस्पर्धा जिंकण्याची ती अमेरिकेतली पहिलीच वेळ. आणि गंमत बघा, त्याआधी इंडियानापोलिस शहरातल्या कुठल्याच शाळेने ही ट्रॉफी आणली नव्हती. राजधानीला पहिला मान मिळवून दिला तो या मुलांनी.

मग मिरवणूक? निघाली. टीम अग्निशमन दलाच्या गाडीवर चढली, शहराच्या मध्यभागी असलेल्या मॉन्युमेंट सर्कलला गाडीने फेरी घातली, आणि मग ती तिथे न थांबता कृष्णवर्णीय वस्तीतल्या नॉर्थवेस्टर्न पार्ककडे वळवली गेली. शहराच्या अधिकाऱ्यांना दंग्याची, तोडफोडीची भीती वाटत होती. जिंकलेल्या मुलांची भीती! ऑस्कर रॉबर्टसन जागतिक दर्जाचा खेळाडू झाला, १९६० मध्ये रोम ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकला, पण ते वळण तो विसरला नाही. त्याच्या आत्मचरित्रातही ती सल आहे. १९५६ मध्ये अटक्सने एकही सामना न हरता पुन्हा ट्रॉफी जिंकली, इंडियानाच्या इतिहासात पहिल्यांदाच. शहराच्या मोठ्या वार्षिक परेडमध्ये मानाच्या गाडीत बसण्याचा मान त्या १९५५ च्या टीमला मिळाला तो २०१५ मध्ये. तेव्हा ही "मुलं" पंचाहत्तरीच्या पुढे होती.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. मायलनची फायनल २० मार्च १९५४. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ब्राउन खटल्याचा निकाल १७ मे १९५४. दोन महिन्यांचंही अंतर नाही. पण १९८६ मध्ये मायलनवरून सुचलेला "हूजिअर्स" हा चित्रपट आला, जीन हॅकमन त्यात कोच झाला, आणि जगाच्या लक्षात छोट्या गावाचा तो शेवटचा शॉटच राहिला. चित्रपट छान आहे, मी दोनदा बघितला. फक्त तो बघून झाल्यावर अटक्सबद्दल वाचा, एवढंच सांगेन.

एक ड्रॉ की चार?

याचा अर्थ मायलनचा विजय खोटा होता का? अजिबात नाही. त्या मुलांनी कोणाचं काही हिरावलं नव्हतं. समोर आलेल्या प्रत्येक टीमला, अटक्सलासुद्धा, कोर्टावर हरवलं होतं. आणि तो विजय शक्य झाला तोच मुळी एका ड्रॉमुळे. फक्त तो ड्रॉ १९४२ नंतरचा होता म्हणून मायलन-अटक्स सामना होऊ शकला. दार उघडं नसतं तर मायलनचा राज्यविजयसुद्धा थोडा फिकाच झाला असता.

पुढे तो एक ड्रॉही गेला. १९५९ मध्ये इंडियानाने शाळांच्या पुनर्रचनेचा कायदा केला आणि छोट्या शाळा एकत्र होऊ लागल्या. खर्चाच्या, प्रयोगशाळांच्या, शिक्षकांच्या दृष्टीने ते समजण्यासारखं होतं, पण शेकडो गावांची टीम त्याबरोबर संपली. १९५४ मध्ये ७५१ शाळा होत्या, १९९७ मध्ये ३८२ उरल्या. लोकांचं वेड मात्र कमी नव्हतं. १९९० ची शालेय फायनल ४१,०४६ लोकांनी स्टेडियमवर बसून पाहिली. शाळेच्या मुलांची मॅच, बरं का.

तरी छोट्या शाळांची तक्रार खरी होती. मायलननंतर तेवढ्या छोट्या शाळेला ट्रॉफी मिळालीच नाही. त्रेचाळीस वर्षं एकाच चमत्काराच्या गोष्टीवर बाकीच्यांनी दरवर्षी पहिल्या फेरीत मार खायचा का? म्हणून १९९७-९८ पासून विद्यार्थिसंख्येप्रमाणे चार गट झाले. आता दरवर्षी चार विजेते. बॉबी प्लम्पने या बदलाला कडाडून विरोध केला. इंडियानापोलिसच्या ब्रॉड रिपल भागात त्याने काढलेल्या रेस्टॉरंटचं नावच "प्लम्प्स लास्ट शॉट", तो गप्प कसा बसेल? तो म्हणजे त्या एका ड्रॉचा चालताबोलता पुरावा होता. पण दुसरी बाजूही बघा: २०१७ मध्ये क्रिस्पस अटक्सने तिसऱ्या श्रेणीच्या गटात राज्य जिंकलं, १९५९ नंतर पहिल्यांदाच. त्या मुलांना जाऊन सांगा बरं की तुमची ट्रॉफी पाव आहे.

मी या वादात कोणत्या बाजूला आहे? आठवड्यापूर्वी विचारलं असतं तर प्लम्पच्या. आज इतकी खात्री नाही.

कारण ताईने तो प्रश्न का विचारला हे मला माहीत आहे. आम्ही तालुक्याच्या एका गावात वाढलो. शाळेत खो-खो जोरात. ताई अप्रतिम खेळायची. तिला खांबाजवळ बाद करणं मुलांनाही जमायचं नाही. मी मुलांच्या टीममध्ये राखीव. मी नववीत असताना मुलांची टीम जिल्ह्याला गेली. दहावीतल्या ताईची टीम तालुका जिंकूनही गेली नाही. सोबत जायला शिक्षिका नाहीत, असं कारण सांगितलं गेलं. दोन ओळींत विषय संपला. आमच्या बैठकीत माझं जिल्हा सहभागाचं प्रमाणपत्र अजून फ्रेममध्ये आहे. मी त्या स्पर्धेत एकूण नऊ मिनिटं खेळलो.

मी आजवर मित्रांना, इंटरव्ह्यूमध्ये, स्वतःला सांगत आलो की छोट्या गावातल्या शाळेतून इथवर आलो. मायलनची गोष्ट मला एवढी आवडली तीही त्यामुळेच. त्यात मला मी दिसलो. ते खोटं नाही. पण माझी चिठ्ठी ड्रॉमध्ये होती. घरातल्या माझ्यापेक्षा चांगल्या खेळाडूची नव्हती, आणि तेरा-चौदा वर्षांत हे मी एकदाही मोठ्याने म्हटलं नव्हतं.

परवा ताईला सांगितलं, मुलींची स्पर्धा १९७६ ला सुरू झाली. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या शाळेच्या आधीच." मग हसली आणि म्हणाली, भाचीला संध्याकाळी मैदानावर सोडायचंय, ठेवते.

या भागासाठी एवढंच. तुमच्या शाळेच्या टीममधल्या कोणाची चिठ्ठी ड्रॉमध्ये पडलीच नाही, ते आठवलं तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागाच्या सुरुवातीला त्यातल्या काही ऐकवीन. आणि हो, तो चार मिनिटं तेरा सेकंदांचा टायमर एकदा लावून बघाच. भेटू पुढच्या भागात.